किचन टॉवेलला क्रोशाचा वरचा भाग: सुई शिरत नाही तिथपासून पट्टी लोंबते तिथपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. जाड टर्किश किचन टॉवेल मधोमध कापायचा, कापलेल्या कडेला क्रोशाने विणून वर निमुळतं करत न्यायचं, पट्टी काढायची आणि काज-बटण करून तो ओव्हनच्या किंवा कपाटाच्या दांड्याला अडकवायचा. पण क्रोशाची सुई कापडात शिरत नाही. शिरलीच तर दोरा फाटून निघतो. आणि जो एक टॉवेल कसाबसा पुरा झाला, त्याची पट्टी दोन-चार धुण्यांत लांबली. मग दोरा कोणता, सुई कितीची, टाके किती आणि चुकतंय कुठे?

चुकतंय ते दोन ठिकाणी, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे कापड आणि दोरा यांचा जोड. दुसरं म्हणजे ओल्या टॉवेलचं सगळं वजन पेलणारी पट्टी. मधला निमुळता भाग सहा ओळींचा असतो आणि तिथे टाके मोजण्यापलीकडे काही नसतं. बहुतेक जण नेमका वेळ त्या भागाची नक्षी निवडण्यात घालवतात.

आधी दोरा. शंभर टक्के सुती घ्या, ८ पदरी किंवा त्याच्या आसपासचा, ४ मिमी सुईला चालणारा. अ‍ॅक्रिलिक लोकर इथे नको. ती उष्णतेने मऊ पडते, जास्त तापली तर वितळते, आणि ही वस्तू ओव्हनच्या दारावर राहणार आहे. सुती दोऱ्यात साधा आणि मर्सराइज्ड (रासायनिक प्रक्रियेने गुळगुळीत आणि चमकदार केलेला) असे दोन प्रकार मिळतात. हात पुसायचं काम टॉवेल करतो, वरच्या भागाने पाणी शोषायची गरज नाही. म्हणून इथे मर्सराइज्ड दोरा उजवा: गुळगुळीत, कमी ताणणारा, लवकर वाळणारा. त्याचा एकच त्रास, टोकं नीट ओवली नाहीत तर सरकून बाहेर येतात. एका टॉवेलला साधारण २० ते २५ मीटर दोरा लागतो, म्हणजे ५० ग्रॅमच्या गुंड्यात तीन टॉवेल सहज होतात.

टॉवेल कापण्याआधी धुवा. पुढे ज्या गरम पाण्यात धुणार आहात त्याच पाण्यात, आणि पुढे जसा वाळवणार तसाच वाळवून. टर्किश कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं. विणकाम झाल्यावर आटलं तर टॉवेलची रुंदी कमी होते, पण त्यावरची विणलेली ओळ तेवढीच राहते, आणि जोडावर झालरीसारखी लाट येते. ती इस्त्रीने जात नाही, उसवावंच लागतं. लाल, गडद निळा किंवा काळा दोरा पांढऱ्या टॉवेलवर वापरायचा असेल तर हातभर तुकडा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्यावर डाग उमटला तर तो दोरा या कामाचा नाही.

आता जोड. क्रोशाच्या सुईचं टोक बोथट असतं, ती दोऱ्याच्या फासातून जायला बनवलेली आहे. जाड कापड टोचणं हे तिचं काम नव्हे. अगदी बारीक, १.२५ किंवा १.५ मिमीची पोलादी सुई टर्किशमधून जाते, पण तिच्या आकड्यात ८ पदरी दोरा मावत नाही. मग आकड्यात दोनच पदर येतात, बाकीचे मागे राहतात आणि दोरा फाटतो. जोर लावून हे सुटणार नाही. टोचायचं काम शिवणाच्या सुईला द्यायचं आणि विणायचं काम क्रोशाच्या सुईला. म्हणजे कडेला आधी त्याच सुती दोऱ्याने ब्लँकेट टाका (कडेवर आडवा दोरा धरत जाणारा शिवणाचा टाका) घालून घ्यायचा आणि त्याच्या वरच्या आडव्या दोऱ्यात ४ मिमीच्या सुईने विणायचं.

ब्लँकेट टाक्याला मोठ्या नेढ्याची पण टोकदार सुई लागते. लोकर ओवायची नेहमीची सुई बोथट असते, ती टर्किशच्या फासांत अडकते. अशी टोकदार सुई नसेल तर दाभणाने आधी भोकं पाडा आणि मग बोथट सुई वापरा. दाभण धागे बाजूला सारतं, तोडत नाही, म्हणून ते चालतं. कागदाला भोकं पाडायचा पंच मात्र कधीच नको. तो धागे कापतो आणि पहिल्याच धुण्यात प्रत्येक भोक पसरतं. गोल कटरला लावायचं टिंब-टिंब चिरा पाडणारं पातंही मिळतं. ते फ्लीससारख्या न उसवणाऱ्या कापडाला छान आहे, टर्किशला नाही.

कापलेल्या कडेची तयारी अशी. मशीनवर झिगझॅग मारा, साधारण ५ मिमी रुंद आणि २ मिमी लांबीचा. मशीन नसेल तर हाताने कड गुंडाळत दाट टाके घाला. मग कड एकदाच, ८ मिमी आत दुमडा. दोनदा दुमडली तर टर्किशचे तीन थर होतात आणि त्यातून काहीच जात नाही. दुमडीच्या वरच्या कडेपासून ६ मिमी खाली एक सरळ शिवण मारा. ब्लँकेट टाक्याची सुई मात्र कडेपासून १ सेंमी खाली टोचायची, म्हणजे शिवणीच्या आणि दुमडीच्याही खाली. तिथे कापडाचा एकच थर असतो, सुई सहज जाते, आणि दोरा सगळ्या दुमडीला कवेत घेतो. टॉवेल कोणी कितीही ओढला तरी टाका वर सरकताना त्या शिवणीला अडतो. शिवणीच्या वरच्या बाजूला टोचलं तर टाका नुसत्या दुमडीवर टिकतो आणि हळूहळू धागे ओढून घेतो.

खुणा टॉवेलवर अंदाजाने करू नका. टॉवेलच्या रुंदीएवढी कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर खुणा करा आणि त्या कापडावर उतरवा. समजा धुतल्यानंतर रुंदी ४० सेंमी आहे. पहिली खूण बाजूच्या कडेपासून अर्ध्या सेंमीवर, पुढच्या एकेक सेंमीवर, शेवटची दुसऱ्या कडेपासून पुन्हा अर्ध्या सेंमीवर: ४० खुणा. रुंदी ३८ निघाली तर ३६ खुणा करा आणि अंतर किंचित वाढवा. आकडा चारने भाग जाणारा हवा, कारण पुढे टाके दोनदा निम्मे होणार आहेत. भोकांमधलं अंतर ६ मिमीपेक्षा कमी करू नका. दाट भोकं म्हणजे जास्त मजबुती असं वाटतं, होतं उलट: टपाल तिकिटाच्या कडेसारखी रेघ तयार होते आणि कापड तिथेच फाटतं.

ब्लँकेट टाक्याला दोरा रुंदीच्या तिप्पट लागतो, एक सेंमी खाली, एक वर, एक आडवा. ४० सेंमीला १२० आणि दोन्ही टोकांना १५-१५, म्हणजे दीड मीटर एका दमात कापून घ्या, मधे गाठ येता कामा नये. टाका ओढताना कड आत वळली तर तो घट्ट झाला. आडवा दोरा कडेवर नुसता टेकलेला असावा, सुईचं टोक त्याखाली सहज गेलं पाहिजे. शिवताना टर्किशचा एखादा फास ओढला गेला तर आत ढकलत बसू नका आणि ओढू तर मुळीच नका, कात्रीने सपाट कापा. हे फास गाठ मारलेले नसतात. ओढला की रांग निघत जाते, कापला तर काही होत नाही.

आता विणकाम. मुख्य टाके दोनच लागतात. मुका खांब, म्हणजे अमेरिकी सिंगल क्रोशे: सुई टाक्यात घालून दोरा काढायचा, पुन्हा दोरा घेऊन दोन्ही लूपमधून एकदम काढायचा. आणि खांब, म्हणजे अमेरिकी डबल क्रोशे: आधी सुईवर दोरा घेऊन टाक्यात जायचं, दोरा काढायचा, मग दोन-दोन लूप दोन वेळा काढायचे. ब्रिटिश नमुन्यात मुक्या खांबालाच डबल म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. नमुना कुठला आहे हे न बघता विणलं की वरचा भाग एक तर बुटका होतो नाहीतर दुप्पट उंच. हाताचा ताण १० सेंमीत साधारण १६ मुके खांब बसतील इतका असावा. १८ बसत असतील तर सुई ४.५ ची घ्या.

पहिली ओळ टॉवेलची सुलट बाजू समोर ठेवून. ४० ब्लँकेट टाक्यांच्या मधे वरच्या आडव्या दोऱ्याची ३९ घरं होतात. पहिल्या घरात २ मुके खांब, पुढच्या प्रत्येकात १, एकूण ४०. ही एक ओळ मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका, नंतर एकही टाका इकडेतिकडे झाला तर पट्टी मध्यावर येत नाही. फास नेहमीपेक्षा थोडा उंच ओढा. या ओळीत टॉवेल जरा आक्रसेल, ४० सेंमीचा २५ ते ३० होईल. ते अपेक्षित आहे, चुण्यांची सुरुवात तिथूनच होते.

दुसरी ओळ: २ साखळ्या (सुईवरच्या लूपमधून नुसता दोरा काढत केलेले टाके) करून काम उलटवा (या साखळ्या टाका म्हणून मोजायच्या नाहीत), मग शेवटपर्यंत दोन-दोन खांब एकत्र. एका टाक्यात खांब सुरू करून शेवटचा फास ठेवायचा, शेजारच्यातही तसंच, सुईवर तीन लूप झाले की एकदम काढायचे. २० उरतात. तिसरी ओळ १ साखळी, २० मुके खांब. चौथी पुन्हा दोन-दोन खांब एकत्र, १० उरतात. पाचवी ओळ १० मुके खांब. सहावीत मधोमध कुठेतरी एकदा दोन मुके खांब एकत्र करून ९ करा. नऊच का, तर काज करताना ते ३-३-३ असे सारखे वाटले जातात. आठ किंवा दहावर पट्टी काढली तर काज एका बाजूला सरकतं, नाहीतर फार अरुंद किंवा फार मोठं होतं.

तिसरी आणि पाचवी सरळ ओळ वाचवायचा मोह होतो, कारण ती गाळूनही आकडे बरोबर येतात. पण लागोपाठ दोन ओळी निम्म्या केल्या की चुण्या एका रेघेत गच्च होतात, वरचा भाग पुढे वाकतो आणि ओला झाल्यावर आत लवकर वाळत नाही.

चुणीच्या जागी दोन्ही बाजूंना टॉवेलचे कोपरे कानासारखे बाहेर आले तर दोष विणकामाचा नाही. टॉवेलच्या बाजूच्या कडा कारखान्यातच दुहेरी दुमडलेल्या असतात, त्या कडक असतात आणि आक्रसत नाहीत. ब्लँकेट टाका घालण्याआधी फक्त वरच्या टोकाशी दोन्ही बाजू अडीच सेंमी मागे वळवून दोन टाक्यांनी धरून ठेवा. मग खुणा नव्या रुंदीवर करायच्या: ४० ऐवजी ३५ सेंमी, म्हणून ३६ खुणा आणि ३५ घरं, पुढे ३६, १८, ९. इथे सहाव्या ओळीत कमी करायची गरजच उरत नाही. कोपऱ्याशी थर जास्त येतात, तिथे मात्र दाभण हाताशी ठेवा.

पट्टीची लांबी नमुन्यातून उचलू नका, दांड्यावरून काढा. दांड्याभोवती टेप गुंडाळून घेर मोजायचा आणि त्यात ५ सेंमी मिळवायचे. पट्टीच्या बुडापासून काजापर्यंत तेवढं अंतर हवं. घेर ९ असेल तर १४ सेंमीवर काज आणि त्यापुढे २ सेंमीचं टोक. पट्टी सगळी मुक्या खांबांची, ओळीला ९ टाके, प्रत्येक ओळ १ साखळीने उलटवून. पट्टी दांड्याच्या मागून वर जाऊन पुढे येते, म्हणून तिची मागची बाजू समोर दिसते. मुका खांब दोन्हीकडून सारखा दिसतो, हा त्याचा मोठा फायदा. पट्टीसाठी सुई अर्धा मिमी लहान घ्या, ३.५ ची. मऊ सैल पट्टी हाताला छान लागते, पण लोंबते तीच.

लोंबण्याचं कारण साधं आहे. अर्धा टर्किश टॉवेल कोरडा असताना ४०-५० ग्रॅम भरतो, चिंब झाला की त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय हात पुसणारा प्रत्येक जण तो खाली ओढतो. आखूड ओळी एकावर एक रचलेली पट्टी उंचीच्या दिशेने ताण घेते आणि क्रोशे त्याच दिशेने सर्वांत जास्त ताणतं. उपाय दोन. पट्टी पूर्ण झाली की ३.५ सुईने तिच्या कडेने बुडापासून वर, टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने खाली स्लिप स्टिचची (टाक्यातून काढलेला दोरा लगेच सुईवरच्या लूपमधूनही काढायचा) एक रांग घाला, ओळीच्या टोकाला एक टाका. ही रांग ताणत नाही आणि पट्टीलाही ताणू देत नाही. टाके फार आवळले तर पट्टी केळ्यासारखी वाकते, तेव्हा सपाट टेबलावर ठेवून तपासत जा. दुसरा उपाय म्हणजे पट्टी वेगळी, लांबीच्या दिशेने विणायची आणि बुडाशी शिवून टाकायची. ती सर्वांत कमी ताणते, पण शिवणीचा जोड वाढतो. रोजच्या वापराला स्लिप स्टिच पुरते.

काज: ३ मुके खांब, ३ साखळ्या, खालचे ३ टाके सोडून, ३ मुके खांब. पुढच्या ओळीत साखळ्यांवर ३ मुके खांब घालून पुन्हा ९. त्यावर एक सरळ ओळ, मग दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करत ७ आणि ५, आणि दोरा तोडा. काज विणल्यावर २ सेंमीपेक्षा थोडं लहान दिसतं, तरी २ ते २.५ सेंमीचं चपटं बटण त्यातून जातं, कारण विणलेलं काज ताणतं. बटण काजातून विनासायास जात असेल तर महिन्याभराने ते आपोआप सुटायला लागेल. काजाभोवती त्याच दोऱ्याचे दोन पदर वेगळे काढून काजटाका घातला तर ते पसरत नाही. हे पाच-दहा मिनिटांचं काम फार जण सोडून देतात.

बटण सहाव्या ओळीवर, समोरच्या बाजूला. नुसतं विणकामावर शिवलं तर ते ओढाने एखाद्याच दोऱ्याला लटकतं, म्हणून मागे एक लहान चपटं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा. शिवताना बटणाखाली आगकाडी ठेवा, मग ती काढून दोऱ्याचे तीन-चार वेढे द्या. पट्टीची जाडी मावायला तेवढी जागा लागते. लोखंडी तळाची बटणं गंजून डाग पाडतात. ओव्हनजवळ पातळ प्लास्टिकचीही टाळा.

दोऱ्याची टोकं १५ सेंमी ठेवा आणि ओवताना एकाच दिशेने जाऊ नका: ५ सेंमी एकीकडे, एक टाका ओलांडून परत, मग आडवं. गाठ मारून कापलेलं टोक सुती दोऱ्यात फार काळ टिकत नाही.

टॉवेल न कापता घडी घालूनही हे करता येतं. घडीच्या खाली १ सेंमीवर दोन्ही थरांतून ब्लँकेट टाका घालायचा, झिगझॅग आणि शिवण दोन्ही वाचतात. फक्त तो टॉवेल दुप्पट जड होतो आणि आतून ओला राहतो. ज्यांना टॉवेल शिवायचाच नाही त्यांच्यासाठी ७-८ सेंमीचं स्टीलचं कडं घ्या, त्यावर मुके खांब गच्च भरा, वरच्या बाजूच्या ९ टाक्यांवर हीच पट्टी काढा आणि टॉवेल कड्यातून ओवा. कड्यावरचा टॉवेल कोणी जोरात ओढला की खाली पडतो, पण रोज वेगळा टॉवेल लावता येतो.

धुताना बटण लावून टाका, म्हणजे पट्टी मशीनमध्ये इतर कपड्यांना गुंडाळत नाही. वाळत घालताना पट्टीला अडकवू नका, ओलं वजन नेमकं तिच्यावरच येतं. टॉवेल दोरीवर मधोमध टाकायचा आणि वरचा भाग हाताने सारखा करायचा. पट्टी तरीही लांबलीच तर काजाखालच्या ओळी उसवायच्या भानगडीत न पडता बटण दोन ओळी खाली, चौथ्या ओळीच्या उंचीवर शिवा.